चित्रं बघायला डॉक्टरची चिठ्ठी कशाला?

दिवाळीनंतरची गोष्ट. दवाखान्यात एक काका आले. वय सदुसष्ट, बीपीची गोळी चालू, साखर काठावर. मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत तीस वर्षं नोकरी करून आता सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतलेले. तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, तरी काका उठेनात. खिशातून मोबाईल काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप होता. 'चित्रं बघा, बीपी घालवा! परदेशातले डॉक्टर आता गोळ्यांऐवजी चित्रांचं प्रदर्शन लिहून देतात!' खाली सूर्यफुलांचं एक चित्र आणि जोडलेले हात.

"डॉक्टर, हे रोज किती वेळ बघायचं? आणि जेवणाआधी की नंतर?"

मी हसू दाबलं आणि विचारलं, "काका, तुम्ही फोर्टात होतात. जहांगीर आर्ट गॅलरी तुमच्या वाटेवरच असेल. कधी गेला होतात?"

"रोज समोरून जायचो की. पावसात एकदोनदा आडोशालाही उभा राहिलोय. आत नाही गेलो कधी."

"का बरं?"

"आपल्याला काय कळतंय त्यातलं? आणि नुसती चित्रं बघत उगीच वेळ कशाला घालवायचा? आता तब्येतीसाठी म्हणून जायचं तर गोष्ट वेगळी."

काका गेले, पण त्यांचं हे शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. जहांगीर १९५२ साली सुरू झाली. तिथे आत जायला तिकीट लागत नाही. तीस वर्षं दार उघडं होतं, फुकट होतं, वाटेवर होतं. तरी काकांना आत जायला परवानगी हवी होती आणि ती देणारा माणूस म्हणजे मी, त्यांचा डॉक्टर! आजचा हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. काकांच्या विरोधात अजिबात नाही, कारण ते वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोलतो.

आधी त्या निरोपातलं खरं-खोटं

निरोप अगदीच हवेतला नव्हता. २०१८ साली कॅनडात माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयाने तिथल्या फ्रेंच भाषिक डॉक्टरांच्या संघटनेबरोबर एक उपक्रम सुरू केला. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायची, ती दाखवली की रुग्णाला आणि त्याच्या सोबतच्यांना संग्रहालयात मोफत प्रवेश. पण हे चालू उपचारांच्या जोडीला होतं. 'गोळ्यांऐवजी' हा शब्द निरोप लिहिणाऱ्याने स्वतःच्या पदरचा घातला आहे.

दुसरा आधार २०१९ च्या एका संशोधनाचा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७०० हून अधिक लोकांना विचारलं की तुम्ही संग्रहालय, चित्रप्रदर्शन, नाटक, संगीताची मैफल, ऑपेरा अशा ठिकाणी किती वेळा जाता? मग सुमारे १४ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जे कधीच जात नव्हते त्यांच्या तुलनेत, दर काही महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३१ टक्के कमी दिसला. वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांमध्ये १४ टक्के. पैसा, शिक्षण, आधीचे आजार, सवयी असे बरेच घटक हिशेबात धरून उरलेले हे आकडे आहेत.

आता आकडा बघून लगेच रिक्षा बोलावू नका. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. समजा, असं आढळलं की ज्यांच्या घरी दोन मोटारी आहेत त्यांची मुलं उंच असतात. मग पोराची उंची वाढावी म्हणून तुम्ही तिसरी मोटार घ्याल का? मोटार आणि उंची या दोन्हींच्या मागे घरातली सुबत्ता असू शकते. तसंच जो माणूस धडधाकट आहे, ज्याला सोबत आहे, ज्याच्या मनात उमेद आहे, तोच घराबाहेर पडून प्रदर्शनाला जातो. संशोधकांनी कितीही हिशेब केला तरी असं काही ना काही मोजायचं राहतंच, आणि अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, हे त्यांनाही मान्य आहे. शिवाय त्या आकड्यात नाटक आणि संगीतही मिसळलेलं आहे. नुसत्या चित्रांचा वाटा त्यातून वेगळा निघत नाही.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही कला आणि आरोग्य यांवरचे तीन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र पाहून एक अहवाल काढला. कलेचा आरोग्याला हातभार लागतो, असा त्याचा सूर आहे. त्यातले अभ्यास मात्र कमी-अधिक ताकदीचे आहेत.

तेव्हा डॉक्टर म्हणून माझं उत्तर असं: थोडा फायदा होतही असेल. बीपीची गोळी बंद करण्याइतका तर मुळीच नाही.

पण मंडळी, माझं भांडण वेगळंच आहे. उद्या अगदी पक्कं सिद्ध झालं की चित्रं बघून बीपी पाच पॉइंटांनी उतरतं, तरी मी ती लिहून देणार नाही.

सुखावर आरोग्याचा शिक्का

आपल्याकडे कुठलंही सुख सरळ घेता येत नाही. आधी त्यावर 'आरोग्याला चांगलं' असा शिक्का मारून घ्यावा लागतो. हसायचं असेल तर हास्यक्लब, कारण हसल्याने फुप्फुसं मोकळी होतात. गाणं ऐकायचं तर अमुक राग अमक्या आजारावर. फिरायला जायचं तर दहा हजार पावलं, त्यातली नऊ हजार मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. पेरूच्या झाडाखाली उगीच बसलात तर लोक विचारतात, "काय झालं, बरं वाटत नाही का?"

एखादी गोष्ट औषध झाली की तिला औषधाचे सगळे नियम लागू होतात. डोस लागतो. वेळ लागते. गुण येतो की नाही ते तपासावं लागतं. काका प्रदर्शनाच्या आधी बीपी मोजतील, नंतर मोजतील, आणि आकडा उतरला नाही तर म्हणतील, "काही उपयोग नाही हो चित्रांचा." बीपीच्या गोळीबद्दल हे म्हणणं रास्त आहे, कारण गोळीचं दुसरं काही कामच नाही. चित्राचं मात्र बीपी उतरवणं हे काम कधीच नव्हतं.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा त्यांनी केवढा प्रसार केला! स्वतः रोज घातले, संस्थानातल्या शाळांमध्ये घालायला लावले, त्यावर पुस्तक लिहिलं. आज जगभर लोक सूर्यनमस्कार घालतात, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. हेच बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, आणि १९३८ साली त्यांनी औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभं केलं. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्पसुद्धा औंधसारख्या छोट्या गावात आहे!

एकाच माणसाने आपल्याला दोन गोष्टी दिल्या. सूर्यनमस्कार आपण उचलले, कारण त्याने पोट कमी होतं. संग्रहालयाचं काय? माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांना मी सहज विचारतो, औंधला गेला होतात का? "हो, यमाईला जाऊन आलो की." आणि संग्रहालय? "ते बघायचं राहिलं." देवीचं दर्शन झालं, नवस फिटला, आणि वाटेवरची चित्रं राहिली. त्यांचा 'उपयोग' काय, हे कुणी सांगितलं नव्हतं ना!

"डॉक्टर, याने तिला काही फरक पडेल का?"

हे सगळं मी गमतीने लिहितोय असं वाटत असेल, तर आता एक गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ऐंशी पार केलेल्या एक आजी. हृदय थकलेलं, पायांवर सूज, उशी उंच केल्याशिवाय झोप नाही. औषधांनी जेवढं करता येईल तेवढं करून झालं होतं. घरच्यांना मी स्पष्ट कल्पना दिली होती. त्या आजींनी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे लग्न, चूल, शेत, पाच मुलं. रांगोळीपलीकडे हाताला रंग लागला नाही. शाळेच्या सहलीत औंधची चित्रं पाहिली होती, ती त्यांना मरण्याआधी एकदा पुन्हा बघायची होती.

थोरला मुलगा माझ्याकडे आला. सरळ माणूस, आईवर जीव असलेला. म्हणाला, "डॉक्टर, आईने हट्टच धरलाय. पण दगदग होईल. आणि आता बघून उपयोग काय? याने तिला काही फरक पडेल का?"

मी म्हणालो, "नाही. काहीही फरक पडणार नाही. घेऊन जा."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं, मी एक तर नको म्हणेन, नाही तर 'मन प्रसन्न झालं की हृदयाला बरं असतं' असं काहीतरी गोड बोलेन. मी दोन्ही केलं नाही. प्रवासात काय जपायचं ते सांगितलं, गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या, पाय वर ठेवून बसवा म्हणालो. नातवांनी आजींना खुर्चीसकट उचलून आत नेलं. रविवर्म्याच्या एका चित्रासमोर त्या अर्धा तास बसल्या. मुलाला म्हणाल्या, "तेव्हा वाटलं होतं, हात लावला तर पदराची जर बोटाला लागेल. अजून तसंच वाटतंय बघ."

दुसऱ्या दिवशी मी तपासलं. सूज तेवढीच, धाप तेवढीच. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

आता मला सांगा, सुखाचं समर्थन जर आरोग्यानेच होणार असेल, तर ज्यांचं आरोग्य आता सुधारणारच नाही त्यांनी काय करायचं? त्यांचा सुखावरचा हक्क संपला? शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर, विसराळूपणाचा आजार, अर्धांगवायूने एक बाजू गेलेला माणूस. या सगळ्यांच्या घरी मी एकच प्रश्न ऐकतो, "आता काय उपयोग?" तो प्रश्न विचारायला आम्ही डॉक्टरांनीच शिकवलं आहे. प्रत्येक गोष्ट रिपोर्टात दिसली पाहिजे, ही सवय आमची. ती आता लोकांच्या घरात शिरली आहे. माझी तक्रार आहे ती इथे.

"आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

काकांचं दुसरं कारण हे होतं. हेही मला पटत नाही. पुरणपोळी आवडायला पुरण शिजण्याचं रसायनशास्त्र कळावं लागतं का?

मी स्वतः याच भीतीपोटी अनेक वर्षं प्रदर्शनांपासून लांब राहिलो. मग एकदा सहकुटुंब म्हैसूरला गेलो आणि जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहात शिरलो. तिथे सावंतवाडीकडच्या सावळाराम हळदणकरांचं एक प्रसिद्ध चित्र आहे, 'ग्लो ऑफ होप'. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात, पण रविवर्मा १९०६ सालीच गेले आणि हे चित्र १९४० च्या दशकातलं. हळदणकरांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला, आणि उजेड बोटांतून आरपार आलेला. तोही जलरंगात, जिथे चुकलेलं सहसा दुरुस्त करता येत नाही.

गर्दी येत होती, बघत होती, पुढे जात होती. मी थांबलो, कारण मला बोटं सोडवेनात. ती लाल-केशरी का दिसतात? मोबाईलची बॅटरी लावून त्यावर बोट धरा, तुम्हालाही तोच रंग दिसेल. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा, हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि लाल प्रकाश बराचसा पार जाऊ देतं. करोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून याच गुणावर चालतो. हळदणकरांनी ऑक्सिमीटर पाहिला नसणार. त्यांनी दिव्यासमोरचा हात नीट पाहिला, बस्स.

पण हे सगळं मला नंतर सुचलं. पाय आधीच थांबले होते. कळणं मागाहून आलं, आणि आलं नसतं तरी मिळालेला आनंद कुणी परत मागितला नसता.

मग लोकांना कंटाळा का येतो? एक कारण घाई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात संशोधकांनी मोजलं, एका चित्रासमोर माणूस सरासरी २७ सेकंद थांबतो. २००१ साली हे छापलं गेलं, म्हणजे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा येण्याआधी!

दुसरं कारण तर थेट माझ्या खात्यातलं. पाय, कंबर, डोळे आणि लघवी! बोस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच 'संग्रहालयातला थकवा' या विषयावर लेख लिहिला. वस्तू आणि पाट्या भलत्याच उंचीवर लावल्यामुळे माणसाला किती वाकावं लागतं, ते फोटो काढून दाखवलं. शंभर वर्षं उलटली. आपल्याकडची बरीच दालनं बघा. बसायला बाक नाही, असला तर पाठ टेकायला आधार नाही. चित्राच्या नावाची पाटी मुंगीच्या अक्षरात. स्वच्छतागृह कुठे, ते विचारत फिरायचं. साठीची बाई अर्ध्या तासात दमून बाहेर येते आणि म्हणते, "मला नाही बाई त्यातलं काही कळत." बाई, तुमचं कळणं ठीक आहे, तुमचे गुडघे दुखतायत! दालन चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, लोकांना कलेची जाण नाही म्हणण्याआधी चार खुर्च्या ठेवा.

तुम्हीही थोडं करू शकता. सगळं बघायचा हट्ट सोडा, एकच दालन बघा. मनाला धरेल त्या चित्रासमोर थांबा, शक्य तर बसा. लांबचा आणि जवळचा असे दोन्ही चष्मे घ्या. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती घेतल्यानंतरचे पहिले काही तास टाळा, मात्र गोळी मनाने चुकवू नका. रंग पिवळट, मळके दिसत असतील तर मोतीबिंदू तपासून घ्या. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारालाही मोतीबिंदू होता. ऑपरेशन तो वर्षानुवर्षं टाळत राहिला आणि शेवटी १९२३ साली एका डोळ्याचं करून घेतलं. त्या काळच्या मानाने आज ते फारच सोपं झालं आहे.

चिठ्ठीने लोक आत गेले तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न माझ्या एका डॉक्टर मित्राने विचारला, आणि तो योग्य आहे. निमित्त आरोग्याचं, पण माणूस चित्रापर्यंत पोचला, मग हरकत काय?

माँट्रियलच्या चिठ्ठीने एक खरं काम केलं, तिकीट माफ झालं. एकट्या पडलेल्या, उदास माणसाला कुणीतरी 'बाहेर पड' म्हणालं, यालाही मोल आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००६ पासून अल्झायमरच्या रुग्णांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना एकत्र चित्रं दाखवायला सुरुवात केली. रुग्ण बरे होतील असा त्यात दावा नाही. दोघांनी मिळून एक चांगली दुपार घालवावी, एवढाच हेतू. असे उपक्रम आपल्याकडे व्हायला हवेत, मी हजर राहीन.

पण जिथे तिकीटच नाही, तिथे चिठ्ठी कशाची माफी देते? वेळ 'वाया' घालवल्याच्या अपराधी भावनेची. ती माफी डॉक्टरने देऊ नये, कारण तो अपराधच नाही. आणि एकदा परवानगी माझ्याकडून घेतलीत, की ती काढून घेण्याचा हक्कही माझ्याकडे येतो.

काकांना मी चिठ्ठी दिली नाही. "मग जाऊ का नको?" ते वैतागून म्हणाले.

"जा ना. काही फायदा होणार नाही असं धरून जा."

फेब्रुवारीत काका पुन्हा आले. मधे मुलाकडे मुंबईला जाऊन आले होते आणि जहांगीरमध्येही शिरले होते. "बरीचशी चित्रं डोक्यावरून गेली," म्हणाले. "एक मात्र बरं होतं. पावसातलं स्टेशन. कितीतरी वेळ बघत उभा होतो. का, ते सांगता येत नाही."

बीपी मोजलं. १५० वर ९० भरलं. गोळीचा डोस वाढवला. पुढच्या वेळी मुंबईला गेल्यावर बायकोलाही घेऊन जाणार आहेत, असं सांगून काका उठले. चित्राचा डोस वाढवायचा का, हे त्यांनी विचारलं नाही.